नांदेडला गुरुद्वारा बघायला येताय? या चुका टाळा

आमच्या घरी वर्षातून दोन-तीन वेळा तरी पाहुणे 'गुरुद्वारा बघायचाय' म्हणून येतात. सकाळी देवगिरी एक्सप्रेसने उतरायचं, आंघोळ उरकून सचखंड हजूर साहिब हा मुख्य गुरुद्वारा गाठायचा, लंगरमध्ये जेवायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत. सगळ्यात मोठी चूक हीच. हजूर साहिबचं मन भरून पाहावं असं जे आहे ते पहाटे आणि दिवेलागणीला असतं, आणि नेमक्या त्याच दोन वेळा हातून निसटतात.

रोज भल्या पहाटे सेवेकरी गोदावरीवरून घागर भरून आणतात आणि त्या पाण्याने तख्ताची, म्हणजे गुरुद्वाऱ्यातल्या मुख्य स्थानाची, स्वच्छता होते. संध्याकाळी दिव्यांची आरती होते. पंजाबातल्या गुरुद्वाऱ्यांत अशी आरती सहसा दिसत नाही, ही इथली दख्खनी रीत. आरतीनंतर गुरू गोविंदसिंगांची शस्त्रं एकेक करून संगतीला, म्हणजे जमलेल्या भाविकांना, दाखवतात. ती बघताना गर्दी कशी चिडीचूप होते, हे एकदा अनुभवाच. म्हणून किमान एक मुक्काम हवाच. यात्री निवासात खोली मिळते, पण दसरा-दिवाळी आणि होळीच्या सुमारास आयत्या वेळी आलात तर अडचण होईल.

दुसरी चूक कपड्यांची. डोकं झाकायला क्रिकेटची टोपी चालत नाही. बायकांनी पदर किंवा ओढणी आणि पुरुषांनी रुमाल घ्यावा. घसरू नये म्हणून रुमालाला मागे घट्ट गाठ मारा. तंबाखूबद्दल मात्र कळकळीने सांगते. शीख धर्मात ती पूर्ण निषिद्ध आहे. खिशातली पुडी, गुटखा, सिगारेट, सगळं खोलीवरच ठेवून या. 'बाहेर आल्यावर खाईन' म्हणून पुडी आत नेणं म्हणजे कुणाच्या देवघरात चपला घालून शिरणं.

लंगरमध्ये रोटी ताटात पडायची वाट बघत बसू नका. दोन्ही तळवे जोडून पुढे करा, वाढणारा वरून अलगद गरम रोटी ठेवतो. ती प्रसाद म्हणून घ्यायची, एका हाताने नाही. हवं तेवढंच घ्या, पुन्हा पुन्हा विचारायला येतात.

आणि सचखंड झालं म्हणजे नांदेड झालं, असं नाही. गुरू गोविंदसिंग 1708 साली इथे आले. माधोदास नावाचा बैरागी त्यांना इथेच भेटला आणि बंदासिंग बहादूर हा शीख सेनानी होऊन पंजाबकडे गेला. ग्रंथसाहिब या शिखांच्या धर्मग्रंथाला गुरुपद दिल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुरूंनी इथेच देह ठेवला. आजची तख्ताची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात बांधून घेतली. पण कथा सगळ्या नदीकाठी विखुरल्यात: बंदा घाट, नगीना घाट, शहराबाहेर शिकार घाट आणि हीरा घाट. हीरा घाटाची कथा मला फार आवडते. मुघल बादशहा पहिल्या बहादूरशाहाने दिलेला मौल्यवान हिरा गुरूंनी गोदावरीत टाकून दिला, असं सांगतात. तिथे दुपारच्या उन्हात जाऊ नका, सकाळी लवकर निघा. एप्रिल-मे तर टाळाच, अनवाणी पायांना फरशी अक्षरशः भाजते.

नंदगिरी किल्ला छोटा आहे, अर्ध्या तासात होतो. माहूर नांदेड जिल्ह्यातच म्हणून 'जाता जाता' करायला जाऊ नका. ते शंभर किलोमीटरहून लांब आहे, त्याला वेगळा दिवस काढा. सहस्रकुंड धबधबा पावसाळ्यातच बघावा.

आता नर्सीचा घोटाळा. गुरू ग्रंथसाहिबात संत नामदेवांची 61 पदं आहेत, त्यामुळे गुरुद्वारा बघून झाला की नामदेवांच्या गावी जायची इच्छा अनेकांना होते. माझे मामा-मामी गाडी करून निघाले, मॅपमध्ये नुसतं 'नर्सी' टाकलं आणि पोचले हैदराबाद रस्त्यावरच्या नायगाव तालुक्यातल्या नर्सीला! तिथे चहा पिऊन, कुणालातरी विचारून उलटे फिरले, तेव्हा दिवस मावळत आला होता. नामदेवांची नर्सी अगदी दुसऱ्या दिशेला, हिंगोली जिल्ह्यात आहे. ड्रायव्हरला नुसतं 'नर्सी' सांगू नका, 'हिंगोलीकडची नर्सी नामदेव' असं पूर्ण नाव सांगा.