कंपनीत नवीन लागलेल्या पोरांसाठी: युनियन, चार्जशीट आणि चौकशी

आयटीआय करून चाकण, रांजणगावला लागलेली पोरं भेटली की विचारतात, दादा युनियनमधे जायचं का? जायचंच, पण आधी हातातलं लेटर नीट वाचा. अप्रेंटिस असाल तर 1961 च्या अप्रेंटिस कायद्याने तुम्ही ट्रेनी, कामगार नाही. ठेकेदाराचं लेटर असेल तर लढाई वेगळी. पर्मनंटवाल्यांचा करार आपोआप तुम्हाला लागू होत नाही.

मग बघा कंपनीत मान्यता कुठल्या युनियनला आहे. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे उभे राहिले, पण 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे प्रातिनिधिक युनियन होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, म्हणजे माणसं एकीकडे आणि करार करायचा हक्क दुसरीकडे, आणि त्यात हजारो घरं भरडली गेली. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन औद्योगिक संबंध संहिता लागू आहे, अनेक युनियन असतील तर 51 टक्के सभासद असलेलीच एकटी वाटाघाटीला बसते. संपाला 14 दिवस आधी नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी सीएल (किरकोळ रजा) टाकली तर तोही संपच धरतात, त्यामुळे व्हॉट्सॲपवर कोणी "उद्या सगळे सुट्टी" म्हणालं की लगेच होकार देऊ नका.

आता चार्जशीटचं, म्हणजे कंपनी कामगाराला देते त्या आरोपपत्राचं. मी युनियनच्या कमिटीत असताना बऱ्याच पोरांच्या खातेनिहाय चौकशीत (त्या आरोपांवर कंपनीच घेते ती चौकशी) बचाव प्रतिनिधी म्हणून बसलोय. कामगार गेटवर जोरात असतो आणि चौकशीच्या खोलीत एकदम गप्प होतो, हे मला फार लागतं. चार्जशीट नाकारू नका, नाकारली तरी पोस्टाने घरी येते आणि चौकशी एकतर्फी चालते. मुदतीत लेखी उत्तर द्या, पोच घ्या, कागदपत्रं आणि साक्षीदारांची यादी मागा. एका पोरावर मुद्दाम उत्पादन कमी काढल्याचा आरोप होता, आम्ही मेंटेनन्सचं रजिस्टर मागितलं तर त्याच शिफ्टला मशीन बंद पडल्याची नोंद निघाली, आणि उलटतपासणीत सुपरवायझरला ते मान्य करावं लागलं. उद्या लेबर कोर्टात हेच कागद वाचले जातात. म्हणून चौकशीच्या रोजच्या कामकाजाचं प्रत्येक पान वाचूनच सही करा, काही चुकीचं लिहिलं असेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने हरकत लिहा.

सस्पेंड असाल तर पहिले 90 दिवस निम्मा पगार आणि पुढे, उशीर तुमच्यामुळे नसेल तर, 75 टक्के निर्वाह भत्ता मिळतो. तो थांबवला तर चौकशीच्या पहिल्याच तारखेला चौकशी अधिकाऱ्याकडे लेखी द्या, आणि पैशाअभावी चौकशीला येणं जमत नसेल तर तेही त्यात स्पष्ट लिहा.