रोममध्ये स्थानिक चव कशी शोधावी

दादरच्या भाजी मंडईत जसा टोपल्यांवरून ऋतू ओळखता येतो, तसाच तो रोममध्ये ओळखायचा असेल, तर कलोसियमसमोरची छायाचित्रांची मेनूकार्डे टाळून सकाळीच तेस्ताच्चोच्या बाजारात जावे. या भागात १९७५ पर्यंत शहराचा कत्तलखाना होता आणि तेथील कामगारांच्या वाट्याला येणाऱ्या आतडी, शेपटी अशा भागांतून ‘क्विंतो क्वार्तो’ ही पाकपरंपरा घडली; वजडी आवडीने खाणाऱ्या मुंबईकराला ती मुळीच परकी वाटणार नाही.

शाकाहारी प्रवाशांनी मात्र विचारूनच खावे. सुप्ली हा भाताचा तळलेला गोळा बटाटेवड्याचा भाऊ शोभतो, पण त्यात अनेकदा खिमा असतो. काचो ए पेपे या पास्त्यात केवळ चीज आणि मिरी दिसत असली, तरी ते पेकोरिनो चीज कोकराच्या जठरातील रेनेट हे दूध गोठवणारे द्रव्य वापरून बनवतात. हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंतापर्यंत जुन्या ज्यू वस्तीत अख्खे तळलेले आर्टिचोक, म्हणजे फुलाच्या कळीसारखी भाजी, अवश्य मागवावे.

कापून विकला जाणारा पिझ्झा वजनावर मिळतो, म्हणून किती हवा ते हातानेच दाखवावे. कॉफी उभ्यानेच घ्यावी, कारण बसल्यास दर बहुधा वाढतो. रात्रीच्या जेवणासाठी आठच्या आधी निघू नये.