ओरिएंटेशनला जाताना या चुका टाळा

महाविद्यालयाच्या ओरिएंटेशनला, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांसाठीच्या परिचय कार्यक्रमाला, बहुतेक नवे विद्यार्थी श्रोते म्हणून जातात, आणि पहिली चूक तिथेच होते. व्यासपीठावरून जे सांगितले जाते, त्यातले बरेचसे माहितीपुस्तिकेत छापलेले असते. मात्र परीक्षा विभाग, ग्रंथालय, वसतिगृह आणि विद्यार्थी कार्यालय यांची माणसे उत्तरे देण्याच्या तयारीने एकाच आवारात हजर असण्याचा योग वर्षभरात क्वचितच पुन्हा येतो. पुढे त्याच उत्तरासाठी खिडकीसमोर रांग लावावी लागते.

त्यामुळे माहितीपुस्तिका आधी वाचून, तिच्यात न सापडलेल्या गोष्टींचेच प्रश्न लिहून न्यावेत. प्रश्न मोघम असला की उत्तरही मोघमच मिळते. ‘हजेरीचा नियम काय आहे?’ असे विचारल्यास पुस्तिकेतले वाक्य पुन्हा ऐकवले जाईल. परंतु ‘आजारपणामुळे आठवडाभर तासांना येता आले नाही, तर अर्ज किती दिवसांत, कोणाकडे आणि कोणत्या कागदासह द्यायचा?’ असे विचारल्यास समोरच्याला नेमके उत्तर द्यावेच लागते, आणि त्याला ते ठाऊक नसेल तर निदान ते कोणाला ठाऊक आहे हे तरी कळते.

सर्वांत महागात पडणारी चूक विषयनिवडीत होते. शेजारी बसलेल्याने जो ऐच्छिक विषय घेतला तोच आपणही घेणे, किंवा वेळापत्रकात दुपारी मोकळ्या दिसल्या म्हणून सत्र हलके आहे असे समजणे, हे दोन्ही प्रकार सर्रास घडतात. विषयासमोर लिहिलेला श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) आकडा नेमके काय मोजतो, हे त्यासाठी समजून घ्यायला हवे. युरोपातील ईसीटीएस या श्रेयांक पद्धतीत पूर्णवेळ शैक्षणिक वर्षाला ६० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे साधारणपणे २५ ते ३० तासांचे काम धरलेले असते. त्या तासांत तासिकांबरोबर वाचन, लेखन आणि परीक्षेची तयारीही येते. इतर पद्धतींत हिशेब वेगळा असू शकतो, पण मोकळी दिसणारी दुपार कोणत्याच पद्धतीत पूर्णपणे मोकळी नसते. विषय ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: विषय बदलण्याची शेवटची तारीख कोणती, पुढच्या वर्षी हव्या असलेल्या विषयासाठी यंदाचा कोणता विषय पूर्ण केलेला असावा लागतो, आणि गुणांपैकी किती सत्रभराच्या कामाचे व किती अंतिम परीक्षेचे. यातला दुसरा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही; त्याचा फटका दुसऱ्या वर्षी बसतो, जेव्हा आवडीचा विषय समोर असूनही प्रवेश मिळत नाही.

पडद्यावरच्या प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढणे ही आणखी एक सवय. हे फोटो पुन्हा उघडले जात नाहीत, आणि उघडले तरी कोणती तारीख कशाची हे त्यांतून लवकर सापडत नाही. नव्याने शिकलेली माहिती पहिल्या काही तासांतच सर्वाधिक वेगाने निसटते, हे हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून १८८५ मध्ये मांडले होते. म्हणून वहीच्या डाव्या पानावर तारखा आणि उजव्या पानावर ‘कोणाकडे काय’ एवढेच टिपून, त्याच संध्याकाळी तारखा दिनदर्शिकेत चढवाव्यात.

ओळखपत्र हातात येताच ते खिशात टाकू नये. नाव, जन्मतारीख आणि अभ्यासक्रम शाळेच्या प्रमाणपत्राशी अक्षरशः ताडून पाहावेत, कारण आज क्षुल्लक वाटणारी वेलांटीची चूक नोंदींतून थेट पदवी प्रमाणपत्रापर्यंत जाऊ शकते. चूक आढळल्यास तोंडी सांगून निघून जाऊ नये. लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. महाविद्यालयाने दिलेल्या ईमेल खात्यात तिथेच प्रवेश करून पाहावा. पासवर्ड चालत नसेल, किंवा पडताळणीचा संकेतांक जुन्या मोबाइल क्रमांकावर जात असेल, तर मदत करणारा माणूस त्या दिवशी समोरच असतो.

पालकांनी सोबत यायला हरकत नाही, मात्र प्रश्न विद्यार्थ्यानेच विचारावेत. पुढची काही वर्षे कार्यालयाशी बोलायचे आहे ते त्यालाच. नव्या ओळखींच्या बाबतीत मात्र फार ताण घेऊ नये. त्या दिवशी भेटलेल्यांपैकी बरेच जण पुढे केवळ ओळखीपुरते उरतात, आणि त्यात वावगे काही नाही.

ओरिएंटेशन चुकलेच, तर वर्गमित्रांच्या मोबाइलवरील ग्रुपमधल्या निरोपांवर विसंबणे ही चूक त्याहून मोठी ठरते, कारण तिथे तारखा ऐकीव असतात. पहिल्याच आठवड्यात विद्यार्थी कार्यालयात जाऊन वाटलेली कागदपत्रे मागावीत, शैक्षणिक दिनदर्शिकेची अधिकृत प्रत घ्यावी, मार्गदर्शक प्राध्यापक कोण नेमले आहेत ते विचारून त्यांची वेळ घ्यावी आणि विषय बदलण्याची मुदत अजून शिल्लक आहे का, हे त्याच भेटीत स्पष्ट करून घ्यावे.