टीमक्स वापरताय? मग आधी या चुका टाळा

सर्व्हरवर रात्री सहा तासांचं डेटाबेस इम्पोर्ट लावलं, तेही टीमक्समध्येच, म्हणजे टर्मिनल बंद झालं तरी आतलं काम चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्येच लावलं, निवांत लॅपटॉप मिटून झोपलो आणि सकाळी बघतो तर इम्पोर्ट अर्ध्यात मेलेलं. हे माझ्यासोबत झालंय आणि नंतर टीममधल्या दोन-तीन नवीन पोरांसोबत पण अगदी असंच होताना बघितलंय, म्हणून पहिली चूक हीच सांगतो. टीमक्स लॅपटॉपवर चालू केलं होतं आणि त्याच्या आतून एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगइन करायची कमांड) करून सर्व्हरवर गेलो होतो. लॅपटॉप झोपला, कनेक्शन तुटलं, सर्व्हरवरच्या शेलला (कमांड घेऊन चालवणारा प्रोग्रॅम) हँगअप, म्हणजे कनेक्शन तुटल्याचा, सिग्नल गेला आणि शेलसोबत इम्पोर्ट पण गेलं. क्रम उलटा पाहिजे, आधी एसएसएच करून सर्व्हरवर जायचं आणि मग तिथे टीमक्स चालू करायचं.

ही एक गोष्ट डोक्यात नीट बसली ना की अर्धे प्रॉब्लेम आपोआप सुटतात. टीमक्स म्हणजे एक प्रोग्रॅम दिसत असला तरी आत दोन भाग आहेत, एक त्याचा सर्व्हर, ज्याच्याकडे तुमचे सगळे शेल असतात, आणि दुसरा क्लायंट, म्हणजे फक्त बघायची खिडकी. खिडकी बंद झाली तरी आतलं काम चालू राहतं, पण ते काम ज्या मशीनवर आणि ज्या युजरखाली सुरू केलं तिथेच राहतं, दुसरीकडून दिसत नाही.

आता पुढचा नेहमीचा घोळ. टीमक्स एलएस, म्हणजे चालू सेशन्सची यादी दाखवणारी कमांड, मारली आणि "नो सर्व्हर रनिंग" आलं की लोक घाबरतात आणि सगळं काम पहिल्यापासून लावतात. थांबा जरा! आधी हूअॅमआय मारून आपण कुठला युजर आहोत ते बघा, सुडो करून रूट, म्हणजे अॅडमिन युजर, झाला असाल तर रूटला तुमची सेशन्स दिसणारच नाहीत, प्रत्येक युजरचा सॉकेट, म्हणजे टीमक्सच्या सर्व्हरशी बोलायची फाइल, वेगळा. मग होस्टनेम मारा, कॉलेजच्या किंवा रिसर्चच्या क्लस्टरवर दोन-तीन लॉगिन नोड, म्हणजे लॉगइन करायची मशीन, असतात आणि काल तुम्ही पहिल्यावर होता, आज दुसऱ्यावर पडलात, असं सर्रास होतं.

युजर तोच, मशीन तेच, तरीपण दिसत नाही? मग पीग्रेप टीमक्स मारा. प्रोसेस नंबर आला म्हणजे सर्व्हर जिवंत आहे, फक्त त्याच्याकडे जायचा रस्ता गेलाय. टीमक्सचा सॉकेट स्लॅश टीएमपीमध्ये असतो, "टीमक्स डॅश तुमचा युजर नंबर" अशा नावाच्या फोल्डरमध्ये, आणि टीएमपी साफ करणारी एखादी स्क्रिप्ट तो उडवून टाकते. अशा वेळी किल डॅश युएसआर१ आणि पुढे तो प्रोसेस नंबर द्या. नाव किल असलं तरी हा सिग्नल टीमक्सला मारत नाही, सॉकेट परत बनवायला सांगतो, पण युएसआर१ विसरून नुसतं किल मारलं तर मात्र सगळं गेलं, त्यामुळे एंटर दाबायच्या आधी एकदा वाचा. फोल्डरच उडालं असेल तर ते आधी बनवा, परमिशन ७०० (फक्त तुम्हालाच प्रवेश) द्या, नाहीतर सॉकेट बनणार नाही. बारा दिवस चाललेलं काम याने परत हातात आलेलं मी बघितलंय.

लॉगआउट केल्या केल्या टीमक्सच मरत असेल तर दोष तुमचा नाही. सिस्टीमडी (लिनक्समध्ये सेवा आणि लॉगइन सांभाळणारा प्रोग्रॅम), त्याच्या २३० नंबरच्या व्हर्जनमध्ये, २०१६ साली, लॉगआउटला युजरच्या सगळ्या प्रोसेस मारायचं डिफॉल्ट आलं, बऱ्याच डिस्ट्रोंनी (लिनक्सच्या आवृत्त्यांनी) ते बंद ठेवलं पण सगळीकडे नाही. त्यातल्या लॉगइनडीच्या कॉन्फिगमध्ये किल युजर प्रोसेसेस ही ओळ "नो" करायला अॅडमिनला सांगा.

नवीन लोकांची बोटांची चूक पण सांगतो. डिटॅच करायला, म्हणजे काम चालू ठेवून बाहेर पडायला, कंट्रोल-बी दाबायचं, सोडायचं, आणि मग नुसतं डी. घाईत कंट्रोल सुटत नाही आणि बी पण नीट लागत नाही, शेलला कंट्रोल-डी जातं आणि शेल बंद. त्या सेशनमध्ये तो एकच शेल असेल तर सेशन पण संपलं. स्क्रीनवर "डिटॅच्ड" आलं तर वाचलात, "एक्झिटेड" आलं तर नाही, ते शब्द बघायची सवय लावा.

टर्मिनल गोठलं, काहीच टाइप होत नाही, म्हणून खिडकी बंद करू नका. कंट्रोल-एस चुकून दाबलं गेलं असेल, कंट्रोल-क्यू दाबा. वर उजव्या कोपऱ्यात आकडे दिसत असतील तर तुम्ही कॉपी मोडमध्ये (मागचा आउटपुट वाचायचा मोड) आहात, क्यू दाबून बाहेर या. आणि टीमक्सच्या आत टीमक्स असेल, लॅपटॉपवर एक आणि सर्व्हरवर एक, तर आतल्याला कमांड द्यायला कंट्रोल-बी दोनदा दाबायचं. मी तर सर्व्हरवरच्या स्टेटस बारचा रंगच वेगळा ठेवलाय.

सेशनला नाव न देणं ही छोटी वाटते पण महाग पडणारी चूक आहे. शून्य, एक, दोन असे आकडे घेऊन बसलात की कुठल्यात बॅकअप चालू होता ते आठवत नाही आणि मग भलतंच सेशन मारलं जातं. टीमक्स न्यू, पुढे कॅपिटल ए चा ऑप्शन, मग एस आणि नाव, असं लिहायची सवय लावा, त्या नावाचं सेशन असेल तर जोडतं, नसेल तर बनवतं.

स्क्रोलबॅक, म्हणजे वर सरकवून दिसणारा जुना आउटपुट, डिफॉल्टला फक्त २००० ओळींचा असतो, हिस्टरी लिमिट वाढवलं तरी आधीपासून उघड्या पेनला (स्क्रीनचा एक भाग, ज्यात एक शेल असतो) ते लागू होत नाही, नवीन पेनलाच होतं. खरं म्हणजे मोठ्या कामाचा आउटपुट टी कमांडने (ती स्क्रीनवर आणि फाइलमध्ये दोन्हीकडे लिहिते) फाइलमध्येच जाऊ द्या.

सिंक्रोनाइझ पेन्सबद्दल, म्हणजे एकात टाइप केलेलं सगळ्या पेनमध्ये जातं त्या सोयीबद्दल, मी कडक आहे. चार सर्व्हरवर एकदम टाइप करायला मस्त वाटतं पण बंद करायचं विसरलात आणि एका पेनमध्ये डिलीटची कमांड मारली तर ती चारही ठिकाणी चालते. काम झालं की लगेच बंद.

आणि टीमक्स लावायचंच विसरलात, काम चालू आहे, आता निघायचंय? कंट्रोल-झेडने काम थांबवा, मग बीजीने ते मागे चालू करा, मग डिसओनने शेलपासून तोडा. काम मागे चालू राहतं, पण आउटपुट बंद झालेल्या टर्मिनलवर लिहायला गेलं तर ते अडकू शकतं किंवा मरू शकतं, त्यामुळे हा उपाय आउटपुट आधीच फाइलमध्ये जात असेल तरच करा. नाहीतर रेप्टीर नावाचं टूल बघा, ते चालू प्रोसेस उचलून टीमक्सच्या पेनमध्ये आणतं, मात्र उबुंटूसारख्या सिस्टीमवर पीट्रेसवर, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसमध्ये हात घालण्यावर, बंदी असल्यामुळे त्याला सुडो लागतो.