एलसीवर स्टे आणायला निघालात? या चुका टाळा

एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट: ठरलेले कागद आले की विक्रेत्याला पैसे देण्याची आयातदाराच्या बँकेची हमी. ते पैसे कोर्टाकडून अडवायला आयातदार माझ्याकडे येतात तेव्हा मोबाइलमध्ये खराब मालाचे चाळीस फोटो असतात आणि तोंडात एकच वाक्य: "साहेब, उद्याच स्टे पाहिजे." बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल बोटीवर चढल्याच्या पावतीची, प्रत मात्र घरी राहिलेली असते.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे माल खराब निघाला की फसवणूक झाली असं धरून चालणं. चंदगडकडच्या एका काजू कारखानदाराची गोष्ट सांगतो. पश्चिम आफ्रिकेतून कच्चा काजू मागवला होता. करारात आउटटर्न ४८, म्हणजे ८० किलो बियांमागे ४८ पौंड गर. कारखान्यात बिया कापून पाहिल्या तर भरला ४१. एलसी ९० दिवसांच्या मुदतीची होती, म्हणून गडी निवांत होता, पैसे जायला अजून वेळ आहे म्हणून.

मी कागद मागवले. माल बोटीवर चढल्याची तारीख एलसीतल्या शेवटच्या तारखेच्या दोन दिवस पुढची! बँकेने ही डिस्क्रेपन्सी, म्हणजे एलसी आणि कागदांतली तफावत, रीतसर कळवलीही होती. बंदरात डिमरेज, म्हणजे माल वेळेत न उचलल्याचा दंड, चढत होतं, म्हणून यांनीच "मान्य" लिहून खाली सही ठोकली होती. कोर्टाची पायरी न चढता पैसे नाकारायची वाट हातात होती, ती स्वतःच्या पेनाने बुजवली. तरी हट्टाने दावा लावलाच. न्यायाधीशांनी विचारलं, "यातला कुठला कागद खोटा आहे?" एकही नव्हता. चढवणीच्या बंदरावरच्या तपासणीचा दाखलासुद्धा खराच, ४८ लिहिलेला. वाटेत ओल लागली की आणखी काय झालं, ते देव जाणे. अर्ज फेटाळला. मुदत भरल्यावर बँकेने पैसे चुकते केले, वकिलाची फी गेली ती वेगळीच.

बँक कागद बघते, माल बघत नाही. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचं पाचवं कलम हेच सांगतं. फराक्का बंधाऱ्याच्या कामासाठी घेतलेली सोव्हिएत यंत्रं नीट चालत नाहीत म्हणून तारापोर कंपनीने साठच्या दशकात एलसी अडवायला बघितली, तेव्हाही सुप्रीम कोर्ट बधलं नाही. अडवण्याजोगी फसवणूक कशी असते? न्यूयॉर्कमधला १९४१ चा खटला बघा. ब्रशच्या राठ केसांच्या नावाखाली लखनौच्या विक्रेत्याने ५० पेट्यांत गाईचे केस आणि कचरा भरून पाठवला, असा आरोप होता. पेटीत ठरलेला मालच नाही आणि कागद सांगतात की आहे! तुमच्या ४१ आउटटर्नची त्याच्याशी बरोबरी होत नाही.

एलसी अडवता येण्याचा पहिला अपवाद असा फसवणुकीचा, दुसरा कधीही भरून न येणाऱ्या अन्यायाचा. सुप्रीम कोर्टाच्या २००७ च्या हिमाद्री केमिकल्स निकालात दोन्ही अपवाद एकाखाली एक मांडलेले आहेत, वाचा. "विक्रेता परदेशात, वसुली कशी करू?" एवढं रडगाणं त्याला पुरत नाही. इराणमधल्या क्रांतीनंतर एका अमेरिकन कंपनीला तिथे दाद मागणंच अशक्य झालं होतं. सुप्रीम कोर्ट उदाहरण देतं ते तसलं.

बाकीच्या चुका थोडक्यात. दाव्यात "फ्रॉड" हा शब्द वीसदा लिहून उपयोग नाही; कोणी, कधी, कुठल्या कागदात, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम ४ प्रमाणे मांडावंच लागतं. पुरावा हाती असेल तर आधी बँकेला लेखी द्या, नाहीतर बँक सरळ म्हणेल, आम्हाला काय माहीत? आणि विक्रेत्याकडच्या, एलसीत नेमलेल्या बँकेने सद्‌भावनेने बिल डिस्काउंट करून, म्हणजे मुदतीआधीच, त्याला पैसे मोकळे केले असतील, तर तुमच्या खऱ्या फ्रॉडचाही तिच्यापुढे टिकाव लागणं कठीण.

माझी सवय साधी आहे. कागद बँकेत पोचल्याची तारीख लिफाफ्यावर लाल पेनाने लिहायची आणि पुढचे पाच बँकिंग दिवस कॅलेंडरवर खोडत जायचे. तेवढ्यात बँकेने कागदांतल्या सगळ्या त्रुटी एकाच नोटिशीत कळवल्या नाहीत तर नंतर तोंड उघडता येत नाही. हे पाच दिवस वकील शोधण्यात घालवणाऱ्यांची मला खरंच चीड येते.

चंदगडचे गृहस्थ आता एलसीच्या ४६ए रकान्यातच, म्हणजे लागणाऱ्या कागदांच्या यादीतच, स्वतःच्या माणसाच्या सहीचा तपासणी दाखला मागतात. दोन विक्रेत्यांनी त्यावरून हात वर केले. तिसरा तयार झाला, पण टनामागे दर वाढवून.