जादूला एखादं खातं नेमून द्या

बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, धर्तीची अद्भुत कादंबरी लिहायची असेल, तर पहिलं प्रकरण राजवाड्यात नको, बाजारात घ्या. माझी नोकरी वैधमापन खात्यात गेली, तुर्भ्याच्या मसाला मार्केटात काटे तपासण्यात. म्हणून मी असं म्हणतोय असं वाटेल, तर तेही खरंच आहे. पण त्या साम्राज्याच्या राजधानीचा, कॉन्स्टँटिनोपलचा (आजचं इस्तंबूल), कारभारही आमच्याच पठडीतला होता.

दहाव्या शतकातलं तिथल्या एपार्कचं, म्हणजे नगरप्रमुखाचं, नियमपुस्तक मिळवून वाचा. अत्तर-मसालेवाल्यांनी दोन पारड्यांच्या तराजूत तोलायचं. लांब दांडीच्या काट्यावर तोलला जाणारा माल वाण्याचा, त्याला हात लावायचा नाही. अत्तराची मेजं अशी मांडायची की सुवास राजवाड्याच्या दारावरच्या ख्रिस्तप्रतिमेपर्यंत जावा. मासळीवाल्यांनी रात्री किती मासळी आली ते पहाटे एपार्कला कळवायचं, मग भाव ठरणार. खोट्या काट्याला फटके, आणि वर डोकं भादरायचं. (आम्ही नुसता खटला भरायचो.) एवढं वाचून झालं की मसाला मार्केटात एक सकाळ काढा. मिरचीचा ठसका, पोती वाहणारे माथाडी, दलालाची वही, सगळं टिपून घ्या. मग पोत्यांत मिरचीऐवजी धूप आणि दालचिनी भरा. मिरची तिथे तेव्हा नव्हतीच!

आता जादू. त्या राज्याचं खरं आश्चर्य म्हणजे ग्रीक अग्नी. इसवी सन 670 नंतरच्या दशकात अरब आरमारावर तो नळ्यांतून फेकला गेला, आणि तो पाण्यावरही जळायचा. त्याची नेमकी कृती आजही कोणाला ठाऊक नाही. दहाव्या शतकातला सम्राट सातवा कॉन्स्टंटाईन मुलाला लिहून ठेवतो: परक्यांनी ती मागितली तर सांग, देवदूतानं पहिल्या कॉन्स्टंटाईनला, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सम्राटाला, दिली, आम्ही देऊ शकत नाही. नकाराचं उत्तरसुद्धा आधीच तयार! तुमच्या जादूचंही असंच ठरवा. कोठाराची किल्ली कोणाकडे, सही कोणाची, परदेशी राजदूताला सांगायचं काय.

949 साली लिउटप्रांड नावाच्या इटलीहून आलेल्या राजदूतानं तिथल्या राजवाड्यात गर्जना करणारे सिंह, गाणारे पक्षी आणि छतापर्यंत वर जाणारं सिंहासन पाहिलं. ते वर कसं गेलं हे त्याला कळलंच नाही. तुमचा नायक ते खालून फिरवणारा कारागीर असू द्या. त्याचा पगार सोन्याच्या नाण्यात द्या: रोमन पौंडाला 72 नाणी, एकेक साधारण साडेचार ग्रॅमचं. अकराव्या शतकात या नाण्यातलं सोनं घटत गेलं. तुमच्या कथेत नाण्याबरोबर जादूही हिणकस होऊ द्या. कथानक आपोआप पुढे सरकेल.

डोळे काढणं, नाक कापणं एकदाच पुरे. सम्राट दुसऱ्या जस्टिनियनला 695 मध्ये गादीवरून हटवून त्याचं नाक कापलं, तरी 705 मध्ये तो परत गादीवर बसला. याच्या वरताण काही सुचत असेल तरच लिहा.

आणि ठाण्याची खाडी रोज बघणाऱ्यांनी एक सांभाळा. गोल्डन हॉर्नला, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या खाडीला, भरती-ओहोटी नावापुरती. शत्रूची जहाजं चिखलात रुतवायची असतील, तर दुसरं निमित्त शोधा.