दुधाच्या हिशोबातून कोडिंग शिकताना या चुका टाळा

कोर्स संपतो, सर्टिफिकेट येतं, आणि कोरी फाइल उघडली की काहीच सुचत नाही. मग बरेच जण एकदम ‘स्विगीसारखं ॲप’ करायला घेतात आणि लॉगिनचं पान सजवता सजवता कंटाळून सोडून देतात. त्यापेक्षा घरातला एखादा हिशोब घ्या. माझं मत दुधाच्या बिलाला, तेही पायथनमध्ये. रोज किती दूध, खाडे कोणत्या तारखांना, महिन्याचे किती झाले, एवढंच. खाडे कॅलेंडरवर लिहिलेले असतातच, त्यामुळे उत्तर हातानेही काढता येतं आणि प्रोग्रॅम चुकला की लगेच पकडला जातो.

आणि तो चुकतोच. ‘इनपुट’मधून, म्हणजे वापरणाऱ्याने टाइप करून, आलेला 2 हा आकडा नसतो, मजकूर असतो. त्याला 30 ने गुणलं तर 60 येत नाही, ओळीने तीस वेळा 2 छापला जातो. एररसुद्धा येत नाही! मग मजकुराचा पूर्णांक करणारं ‘इंट’ लावायचं सुचतं आणि कोणीतरी दीड लिटरसाठी 1.5 टाकलं की ‘व्हॅल्यूएरर’ येऊन प्रोग्रॅम थांबतो. (देवनागरीत १२ टाकलं तर मात्र ‘इंट’ची काही तक्रार नसते.) यावर ‘फ्लोट’ (दशांश संख्या) हा उपाय सोपा वाटतो, पण पैशांसाठी तो नको. 0.1 आणि 0.2 ची बेरीज पायथन 0.30000000000000004 दाखवतो. दूध मिलिलिटरमध्ये आणि भाव पैशांत धरा, सगळं पूर्णांकात बसतं.

सगळ्यात फसवी चूक खाड्यांची. 1 ते 31 तारखांची यादी केली आणि त्याच यादीतली एकेक तारीख घेत जाणाऱ्या ‘फॉर’ लूपमध्ये तिच्यातूनच खाड्याच्या तारखा ‘रिमूव्ह’ करत गेलात, तर सुटे खाडे बरोबर वजा होतात. पण गणपतीला गावी गेलात आणि 5, 6 असे सलग खाडे पडले, की 5 निघते आणि 6 राहते. कारण 5 काढल्यावर 6 तिच्या जागी सरकते आणि लूप तोवर पुढच्या जागेवर गेलेला असतो. न घेतलेल्या दुधाचे पैसे लागतात. मूळ यादीला हात न लावता खाडे वगळून नवी यादी बनवा. चाचणीत सलग खाडे घातलेच पाहिजेत.

एरर आली की लाल मजकूर बघून घाबरू नका, शेवटची ओळ आधी वाचा. काय बिघडलं ते तिथे असतं, कुठे ते तिच्या वरच्या ओळींत. न वाचताच सगळा कोड चॅटजीपीटीत चिकटवलात तर बिल सुटेल, पण पुढच्या वेळी तुम्ही तिथेच अडकाल.

महिना सरसकट 30 दिवसांचा धरू नका. पायथनच्या तयार ‘कॅलेंडर’ मॉड्यूलमधलं ‘मंथरेंज’ महिन्याचे दिवस देतं, फक्त त्याच्या दोन उत्तरांपैकी दुसरं घ्या. पहिलं 1 तारखेचा वार सांगतं.

आणि बिलाची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठी नावांच्या जागी भलतीच अक्षरं दिसली, तर गणित तपासत बसू नका. फाइल लिहिताना एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) ‘यूटीएफ-8-सिग’ द्या.